घासाच्या वावरातलं यान

त्या यानात सहा माणसं होती आणि सहाच्या सहा कुजबुजत बोलायची. मला नाटकातलं फारसं कळत नाही, पण पहिल्याच भागात मला वाटलं, हे आपल्या कामाचं नाही.

हे नाटक स्टेजवरचं नव्हतं. मोबाईलवर नुसतं ऐकायचं. चित्र नाही, फक्त आवाज. माझी मुलगी नगरला नर्सिंग शिकते. दिवाळीला आली तेव्हा तिनं दहा भाग माझ्या मोबाईलात भरून दिले, एकेक अर्ध्या तासाचा. गोष्ट अशी की शनीच्याही पलीकडं एक यान चाललंय, वाटेत ते बंद पडतं, आणि खालच्या कोठारात काहीतरी शिरलंय. ते काय आहे कुणाला माहीत नाही. ते एकेका माणसाला ओढून नेतं.

मी ते करमणुकीसाठी घेतलं नव्हतं. बिबट्यासाठी घेतलं होतं.

"मम्मी, तीच तीच गानी लावून त्या बिबट्याला तोंडपाठ झाली असतील," मुलगी म्हणाली. "हे घे. ह्यात मानसं बोलत्यात. वरडत्यात पन."

"भ्याव वाटंल का गं?"

"तुला वाटंल. त्याला वाटलं तर बरंच हाय."

आमची वस्ती देवळालीच्या पुढं, कालव्याच्या अंगाला आहे. चारी बाजूंनी ऊस. ऊस आहे म्हणजे बिबट्या आहे, आता ते कुणी नवल म्हणून सांगत नाही. त्याची पिल्लं उसातच जन्मतात आणि एक ऊस तुटला की दुसऱ्या उसात जातात. वनखात्याची माणसं येऊन सगळ्यांना सांगून गेली होती की एकटं जाऊ नका, मोठ्यानं बोलत राहा, आणि वावरात खाली बसू नका. उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही. बसलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं.

पण गाईंचा घास, म्हणजे हिरवा चारा, बसल्याशिवाय कापता येत नाही. आमचं घासाचं वावर उसाला लागून आहे, मधे फक्त एक बांध. म्हणून मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही एक रीत पाडली होती. एकीनं विळा घेऊन बसायचं. दुसरीनं उसाकडं तोंड करून उभं राहायचं आणि मोठ्यानं बोलत राहायचं. हात भरून आले की अदलाबदल.

बोलावं तर जाऊबाईंनी. त्यांनी वस्तीवरून हाक मारली की कालव्यापलीकडचा सायकलवाला ब्रेक मारायचा. त्या उभ्या राहिल्या की उसाशीच भांडायच्या. भाव, पाऊस, नणंदा, गावातली लग्नं, काय वाटेल ते. मी खाली बसून हसत घास कापायची. माझी पाळी आली की मात्र माझ्या तोंडून शब्द निघत नसे. मला चार माणसांत काय, उसापुढंही बोलायला लाज वाटते. मी नुसती 'हुर्र, हुर्र' करायची. जाऊबाई बसल्या बसल्या म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे, नगं बोलू. बिबट्या लाजंल."

गणपती झाल्यावर मी दोन दिवस माहेरी तिसगावला गेले. त्या दोन दिवसांत जाऊबाई घासाला एकट्या गेल्या. सोबतीला त्यांची शेळी होती, ती त्यांनी बांधावर बांधली. त्या बसून घास कापत होत्या आणि उसातून बिबट्या आला आणि शेळी घेऊन गेला.

मी परत आले तेव्हा हे मला शेजारच्यांनी सांगितलं. जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "शेळी नेली." तेही इतक्या हळू की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

त्यानंतर त्या गोठ्याच्या पुढं पाऊल टाकेनात. दूध काढायच्या, शेण काढायच्या, भाकरी करायच्या, पण घासाच्या वाटेकडं तोंडसुद्धा करत नसत. आणि त्यांचा आवाज गेला. घसा बसला असं नाही. मोठ्यानं बोलायचंच त्यांनी सोडलं. मी माहेरी गेले नसते तर असं झालं नसतं, हे माझ्या मनातून जात नव्हतं आणि तेही मला कुणाशी बोलता येत नव्हतं.

आमच्या चुली वेगळ्या आहेत पण गोठा एकच. माझ्या दोन गाई, त्यांच्या तीन. त्या तिन्ही त्यांनी वासरापासून वाढवल्यात. एकीला तर बाटलीनं दूध पाजून. मी एकटी जाऊन पाचही गाईंचा घास आणायचा प्रयत्न केला. मुलीचा डबीएवढा स्पीकर बांधावरच्या शेवग्याला टांगायचा, गाणी लावायची, आणि भराभर कापायचं. पण एकटीनं किती होणार? दर चार मुठींना उठून उसाकडं बघायचं. गाई दुधाला कमी झाल्या.

थोरले भाऊजी आणि आमचे हे, दोघं भाऊ मिळून टेम्पो चालवतात. दिवसभर ते रस्त्यावरच असतात. भाऊजी एक दिवस गोठ्यात आले आणि म्हणाले, "तुळशीचं लगीन होऊंद्या. मंग व्यापाऱ्याला बोलावतो. वैरन न्हाई तर गाया काय वाऱ्यावर पाळायच्या?"

पहिल्यासारखं असतं तर जाऊबाईंनी त्यांना टेम्पोसकट कालव्यात घातलं असतं. त्या दिवशी त्या धाकट्या गाईच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. तुळशीच्या लग्नाला पंधरा दिवससुद्धा नव्हते. मला वाटलं, आता गाई गेल्या, आणि गाईंबरोबर ही बाईसुद्धा गेली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते नाटक पहिल्यांदा लावलं. सुरुवात चांगली होती. यंत्राची घरघर, मग एक बाई बोलते. ती यानातली इंजिनियर. पण पाच मिनिटांत यान बंद पडलं आणि सगळे कुजबुजायला लागले. मग टप, टप, असं पाणी गळतं. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की मला वाटलं चार्जिंग संपलं. मी विळा घेऊन उठले, स्पीकरपाशी गेले, तर त्यातनं एकदम ती बाई ओरडली आणि माझ्या हातातला विळाच पडला.

ज्या कामाला आणलं त्या कामाला ते नाटक अगदीच नालायक होतं. जिथं आवाज पाहिजे तिथं ते गप्प बसायचं. शहरातल्या माणसांना शांततेचीच भीती वाटत असेल. आम्हाला शांतता झाली की भीती वाटते ती खरी असते, ती नाटकात आणायची गरज नाही.

मी ते बंदच करणार होते. पण संध्याकाळी दूध काढताना जाऊबाईंनी विचारलं, "आज काय लावलं हुतं? बाई कोन रडत हुती?"

वाऱ्यानं आवाज गोठ्यापर्यंत आला होता. मी सांगितलं, जमेल तसं. यान, कोठार, इंजिनियर बाई.

"मंग?"

"मंग मागचं दार आपोआप लागलं."

"आपोआप कसं लागंल? कुनी लावलं?"

"ठावं न्हाई. ते म्होरल्या भागात."

"मंग लाव की हितं."

आणि मी खोटं बोलले. इतक्या वर्षांत मी जाऊबाईंशी खोटं बोलले नव्हते. म्हटलं, "हितं रेंज न्हाई येत, बाई. घासातच येती."

सगळे भाग मोबाईलातच होते. रेंजचा काही संबंध नव्हता. त्यांना ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा त्या गोठ्याच्या पुढं पन्नास पावलं आल्या. शेवगा तिथून दिसतो. तिथं कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी आवाज मुद्दाम थोडा कमी ठेवला. तिसऱ्या दिवशी त्या वावराच्या कडेला आल्या. मी त्यांना या म्हटलं नाही की बसा म्हटलं नाही. मी कापत राहिले आणि त्या माझ्यामागं उभ्या राहिल्या, पण उसाकडं पाठ करून.

त्या तिसऱ्या भागात एक जागा होती ती मी अजून विसरले नाही. इंजिनियर बाई कोठाराच्या दाराशी येते आणि आतून सळसळ ऐकू येते. हळूहळू, थांबून थांबून. माझे आईवडील ऊस तोडायला जायचे, त्यांच्यामागं फिरता फिरता माझी शाळा चौथीला सुटली. उसाच्या वाळक्या पानांचा, पाचटाचा आवाज मला झोपेत ओळखू येतो. तो आवाज पाचटाचाच होता. मी मान वर केली, जाऊबाईंनी मान वळवली, आणि आम्हा दोघींनाही कळेना की सळसळ स्पीकरात आहे का उसात. जाऊबाईंनी माझा खांदा धरला. त्यांची नखं मला रुतली. मग स्पीकरातून लोखंडी दाराचा आवाज आला तेव्हा आम्ही श्वास सोडला.

ज्या कुणी माणसानं तो आवाज केला, त्यानं पाचटात पाय घालूनच केला असेल. मनात मी त्याला हात जोडले. नाटक पुढं कितीही घसरलं तरी तेवढं काम त्यानं मन लावून केलं होतं.

मला वाटलं जाऊबाई आता परत जातील. त्या गेल्या नाहीत. पांढऱ्याफट्ट झाल्या होत्या, पण म्हणाल्या, "संपला का आजचा?"

पाचव्या भागात ते झालं. यानात आता चौघंच उरले होते. इंजिनियर बाई एकटीच त्या कोठारात उतरते. हातात काही नाही, नुसती बॅटरी. कप्तान वर बसून तिला सांगतो, घाबरू नकोस. आणि मग ती लांबलचक शांतता आली. टप, टप. बाईचा श्वास. टप. मी विळा धरून बसलेली, चहूकडं चिडीचूप, उसात एक पान हलत नव्हतं. आणि माझ्या डोक्यावरून आवाज आला,

"अगं ए भवाने! वरड की! वरड! समदी तोंडाला कुलूप लावून काय मरायला आलाय का तितं!"

बांधावरचे बगळे एकदम उडाले. वस्तीवरचं कुत्रं भुंकायला लागलं. जाऊबाई शेवग्याकडं बोट दाखवून त्या यानाला शिव्या घालत होत्या. "आन् तो कप्तान! तू जा की खाली, मुडद्या! बाईला फुडं घालतोय! हातात काठी न्हाई, संगं मानूस न्हाई! भ्याव वाटलं की हळू बोलायचं, ही कुठली रीत रं तुमची?"

मी खाली मान घातली आणि कापत राहिले. डोळ्यातून पाणी येत होतं ते त्यांना दिसू नये म्हणून.

मग रोज तेच. नाटक गप्प झालं की जाऊबाई सुरू. जेवढं नाटक कुजबुजायचं तेवढा त्यांचा आवाज चढायचा. त्यांचं तोंड आता उसाकडं असायचं. यानातल्या डॉक्टरला त्या 'पांढरा कावळा' म्हणायच्या, कारण तो प्रत्येक वाक्यात आपण किती शिकलोय ते सांगायचा. एक माणूस कोठारात एकटा झोपायला गेला तेव्हा म्हणाल्या, "ह्याला बिबट्यानं न्हाई खाल्लं तर मी खाईन." यानातलं पाणी कुठून येतं, ती माणसं जेवतात काय, एवढ्या दिवसांत कुणी घरी फोन का केला नाही, हे सगळं त्यांनी विचारलं आणि एकाचंही उत्तर नाटकाकडं नव्हतं.

मुलीला मी फोनवर सांगितलं की नाटक काही जमलेलं नाही. ती म्हणाली, "व्हय, तितं खाली कमेंटमदी लोकांनीबी शिव्याच घातल्यात." पण ती इंजिनियर बाई जिनं केली तिच्याबद्दल मी माझं मत बदलणार नाही. तिला बोलायला धड वाक्यं दिली नव्हती. तरी ती नुसता श्वास घ्यायची आणि आम्हाला कळायचं की आता ही पायरी उतरली, आता हिनं हात टेकला. दिसत नसताना दिसायला लावणं सोपं नाही. वाईट नाटकात एवढं चांगलं काम करत राहणं तर फारच अवघड असेल.

मात्र एक गोष्ट होत नव्हती. जाऊबाई यायच्या, बोलायच्या, पण बसायच्या नाहीत. विळ्याला हात लावत नव्हत्या. मी एकदा नुसता विळा पुढं केला तर त्यांनी हात पदरात घेतला. उभ्या राहणाऱ्या सोबतीनं भारा वाढत होता, पण त्यांच्या तीन गाई ठेवण्याइतका नाही. तुळशीचं लग्न परवावर आलं होतं. भाऊजींनी व्यापाऱ्याला फोन केला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

दहावा भाग लागला. इंजिनियर बाई एकटी उरली. ती कोठाराचं शेवटचं दार उघडते. जाऊबाई शेवग्याकडं सरकल्या. मी हात थांबवला.

आत काही नव्हतं. कधी काही नव्हतंच. सहाही माणसं आपापल्या पेटीत झोपलेली होती आणि यानाचा कॉम्प्युटर स्वप्नात घालून त्यांची परीक्षा घेत होता. सगळे जागे झाले, एकमेकांशी हसून बोलले, कप्तान म्हणाला तुम्ही पास झालात. मग वाजंत्री आणि नावं.

आम्ही शेवग्याकडं बघत राहिलो.

"म्हंजी?" जाऊबाई म्हणाल्या.

"म्हंजी काई नव्हतं, बाई. समदं मनातच हुतं त्यांच्या."

"काई नव्हतं?"

"न्हाई."

"आन् माजी शेळी?" त्या इतक्या जोरात बोलल्या की मी दचकले. "माजी शेळीबी मनातच हुती व्हय?"

आणि मग त्या दिवशी काय झालं ते त्यांनी उसाकडं तोंड करून, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"शेळीनं आदी बघितलं. चघळायची थांबली. मी म्हनलं हिला काय झालं. मान वर केली तर ह्यो हितं, ह्या बांधावर. दोन खाटा टाकल्या तर मदी जागा उरायची न्हाई इतका जवळ. तोंड शेळीच्या नरड्याला आन् डोळे माज्याकडं. काई घाई नव्हती त्याला. मला बघत बघत मागं मागं गेला. दावं तानलं. तुटलं, त्याचा आवाज आला. आन् मी बसलेली. तोंड उघडं, आवाज न्हाई. उठता येईना. घरी आले तवा घासाची मूठ हातातच हुती, सोडलीच न्हाई मी. समद्यांनी इचारलं, केवढा हुता, केवढा हुता. माजं काय झालं ते कोनी इचारलं न्हाई."

मीपण विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, मी माहेरी गेले नसते तर—"

"तू असतीस तरी काय केलं असतं? हुर्र?" त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मग पदरानं तोंड पुसलं. "ऊठ. लई वेळ बसलीस. आन तो विळा."

मी विळा दिला. त्या उसाच्या कडेला, बांधापासून हातभर अंतरावर, खाली बसल्या. पहिली मूठ त्यांनी धरली आणि कापली.

मी उभी. स्पीकर बंद. सगळीकडं शांत.

"बोल की," त्या खालून म्हणाल्या. मान वर केली नाही. "बोल गं. मी बसलीय हितं."

मला काही सुचेना. मग मी त्या इंजिनियर बाईचं बोलणं बोलायला लागले, जेवढं आठवत होतं तेवढं. 'कप्तान, दार उघडलंय. कप्तान, मी आत जातेय.' आधी हळू. जाऊबाई म्हणाल्या, "कप्तान बहिरा हाय." मग मी ओरडून म्हटलं. कुजबुजीच्या सगळ्या जागा मी ओरडून म्हटल्या, श्वाससुद्धा. माझा आवाज एवढा आहे हे मला माहीत नव्हतं. कालव्याच्या रस्त्यावरून मोटरसायकलवाला जात होता, तो वळून बघत गेला. मी लाजले, पण थांबले नाही. जाऊबाईंची मूठ चालूच होती, आणि त्यांच्यामागं कापलेल्या घासाची ओळ लांबत गेली.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी व्यापारी आला. भाऊजी त्या दिवशी घरीच होते. दोघं गोठ्यात उभे राहून धाकट्या गाईचे दात बघत होते. आम्ही वावरातून येत होतो. जाऊबाईंच्या डोक्यावरचा भारा एवढा होता की दारातून तिरका करून आत घ्यावा लागला.

"सरका वाईच," त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या आणि भारा त्याच्या पायाशीच टाकला. "गायांना खायाचं हाय."

व्यापारी मागं सरकला. "वहिनी, द्यायच्यात ना गाया?"

"कोन म्हनलं?"

व्यापाऱ्यानं भाऊजींकडं बघितलं. भाऊजींनी भाऱ्याकडं बघितलं, मग जाऊबाईंच्या हाताकडं. हिरव्या रसानं ते कोपरापर्यंत भरले होते.

"च्या घेऊन जावा," भाऊजी व्यापाऱ्याला म्हणाले.

जाऊबाई गव्हाणीत घास टाकत होत्या. चहा मी ठेवला.